चूलबंद आवतन

आण्णा, तुम्हाला आठवत नसणारच. जिवंत होतात तेव्हा चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचात, छत्री कचेरीत आणि टोपी न्हाव्याकडं विसरून यायचात. आता तर काय, मेलेल्या माणसाला विसरायची सूटच असते, कुणी जाब विचारत नाही. म्हणून मीच आठवण करून देते. मी तुमची थोरली लेक, जिला अक्षर आलं नाही ती. हे लिहून घेतेय ती माझी नात. मी बोलते तसंच लिही म्हणून तिला बजावलंय, पण माझी बोली तिच्या हातातनं कागदावर उतरेपर्यंत अंघोळ करून, पावडर लावून येते. तुमचंच रक्त आहे. कागद समोर आला की तुम्हीसुद्धा असेच सोवळ्यात जायचात.

ह्या नातीचं लग्न ठरलंय. मागच्या आठवड्यात माझा लेक, म्हणजे हिचा बाप, पलंगावर आडवा पडून व्याह्यांशी मोबाइलवर बोलत होता. सोलापूरच्या रस्त्यावर नवीन मोठं हॉटेल झालंय, तिथं त्यांना रात्रीचं जेवण द्यायचं होतं. "या मग सगळे रविवारी," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी लसूण सोलत बसले होते. म्हटलं, सगळे म्हणजे कोण रे? तर म्हणतो, "आई, सगळे म्हणजे सगळे." आण्णा, त्यानं हे अगदी तुमच्या सुरात म्हटलं. त्यानं तुम्हाला धड पाहिलंही नाही, तो रांगत होता तेव्हा तुम्ही गेलात, पण सूर तुमचाच. माझ्या हातातला लसूण तिथंच राहिला. मी त्याला म्हटलं, ऊठ, सदरा घाल आणि त्यांच्या घरी जाऊन सांगून ये. तो हसला. मग नात मला विचारायला लागली की आजी, एवढ्याशा गोष्टीवरनं तू का चिडलीस, आणि मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती म्हणाली, हे तू त्यांनाच सांग, मी लिहून घेते.

आवतन कसं द्यायचं हे मला तुम्हीच शिकवलंत. आई गेली तेव्हा धाकटी दोघं अजून कडेवर होती, चूल माझ्या हाती आली आणि शाळा राहून गेली. तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दू शिकून कारकून झालेले, राज्य गेल्यावर रात्ररात्र बसून मराठीत कागद लिहायला शिकलात, पण मला पाटी आणून द्यायचं काही तुमच्या ध्यानात आलं नाही. उलट लोकांना कौतुकानं सांगायचात, हिच्या तोंडी दिलेला निरोप टपालापेक्षा पक्का, एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता. एकदा सत्यनारायणाला शेजारच्या काकूंना मी त्यांच्या अंगणाबाहेरनंच हाक मारून "जेवायला या" म्हणून आले, तर तुम्ही ओसरीवर सगळ्यांसमोर मला उभं केलंत. आवतन म्हणजे हाक नव्हे, म्हणालात. उंबऱ्याच्या आत जायचं, बायकांना कुंकू लावायचं, कोण कोण यायचं ते नाव घेऊन सांगायचं, लेकरं आणि म्हातारी माणसं आधी. आपण बोलावलं तर त्यांच्या आधी आपण दारात उभं राहायचं, आणि सगळ्यांत शेवटी जेवायचं. मी पुन्हा गेले आणि सगळं रीतीनं करून आले. ते तुमचे शब्द मला अजून पाठ आहेत. तुम्हाला नसतील.

माझं लग्न होऊन दुसरा पावसाळा असंल. पंचमीला माहेरी आले होते. तुमची तरक्की झाली होती, अव्वल कारकून झाला होतात, आणि त्याची दावत द्यायची तुमच्या मनात होती. दावत हा तुमचाच शब्द, जेवण म्हणणं तुम्हाला कमी वाटायचं. तेव्हा तुम्ही कागदावर उस्मानाबाद लिहायचात आणि आम्ही बाया तोंडानं धाराशिवच म्हणायचो. आता सरकारनंसुद्धा आमचं ऐकलंय, ते असो. मोटार स्टँडाजवळ नवं हॉटेल निघालं होतं. एके दुपारी तुम्ही मला तिथं नेलंत. मी पायरीवर बिचकून उभी आहे आणि तुम्ही "ये गं, कुणी खात न्हाय तुला" म्हणून हसताय. आत पांढऱ्या दगडाची टेबलं, भिंतीला आरसे, आरशांत माझीच तोंडं. कोपऱ्यात एक खोली, तिला फुलाफुलांचा पडदा, आत वर पंखा. तुम्ही पडदा सारून दाखवलात. म्हणालात, ही फॅमिली रूम. बायकांना इथं बसवायचं. पडदा ओढला की घरच.

मी विचारलं होतं, आण्णा. बारीक पोर होते पण विचारलं होतं. "सासरच्या बायकास्नी बी सांगायचं? त्या हाटेलाची पायरी कधी चढल्या न्हाईत."

"म्हणून तर सांगायचं," तुम्ही म्हणालात. "चूलबंद म्हणजे चूलबंद. त्या दिवशी त्या घरातनं धूर दिसता कामा नये."

नातीला चूलबंद माहीत नव्हतं. तिला सांगितलं की झाडून सगळ्या घराला जेवायला बोलावणं म्हणजे चूलबंद, त्या वेळेला त्या घरात चूल पेटवायची नाही. एवढा विश्वास ठेवायचा बोलावणाऱ्यावर. तुम्ही स्वतः कुंकवात अक्षता कालवून माझ्या पदराच्या टोकाला गाठ मारून दिल्यात. सासरी गेल्यावर मी आधी घरात सगळ्यांना सांगितलं, मग एक अक्षत उंबऱ्यावर ठेवली आणि एक चुलीवर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "हाटेलात? बायका?" म्हणाल्या आणि मग अशा हसल्या की मला त्यांचे दात पहिल्यांदा दिसले.

पुढचे दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. आमच्या एक चुलत सासू होत्या, वयानं वाकलेल्या. खुर्चीवर पाय दुमडून बसायचं का खाली सोडायचे, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या गोठ्यात गव्हाणीच्या कठड्यावर पाय सोडून बसायच्या आणि मांडीवर ताटली घेऊन भाकरी खायचा सराव करायच्या. म्हैस त्यांच्याकडं बघत राहायची. जाऊबाईंनी हिरव्या बांगड्या भरल्या. माझ्यावर तर सगळ्यांची मर्जी. हाटेल पाहिलेली मी एकटी. पंखा वरनं पडत नाही ना, वाढपी पुरुष असतो तर डोक्यावर पदर ठेवून जेवता येतं का, अजून लागलं तर मागायचं का गप्प बसायचं, सगळं मलाच विचारायच्या. मी सांगायची, लागलं तर मागायचं, आण्णा दारात उभे असतील, त्यांना सांगायचं. त्या दिवशी सकाळी थोड्या भाकऱ्या करून आत्याबाईंनी चूल विझवली, सारवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. म्हातारीनं सकाळचंही खाल्लं नाही. पोटात जागा पाहिजे म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी आमची बैलगाडी हॉटेलपुढं थांबली. पुरुष मंडळी पायी पुढं आलेली, गाडीत आम्ही सगळ्या बायका आणि लेकरं. तुम्ही दारात होतात, हे खरं. काळा कोट, नवी टोपी. मला पाहून तुमचा चेहरा फुलंल म्हणून मी गाडीतनं सगळ्यांत आधी उतरले. तुम्ही एक पायरी उतरलात आणि थांबलात. गाडीकडं पाहिलंत, मग मागं वळून आत पाहिलंत. मीही पाहिलं. फुलाफुलांचा पडदा एका बाजूला खिळ्याला अडकवलेला, पंखा फिरतोय, आणि पंख्याखाली कुणी जाडे गृहस्थ रुमालानं मान पुसत बसलेत, भोवती तुमच्या कचेरीतले दोघंतिघं. तुमचे नवे साहेब. पुण्याकडनं आलेले. त्यांना तुम्ही त्याच दिवशी, त्याच दावतीला बोलावलं होतं, हे आम्हाला काय माहीत.

आत्याबाई उतरून पुढं आल्या. पदर नीट केला. तुमच्या तोंडाकडं बघूनच त्यांना काहीतरी समजलं असणार, कारण त्या सावकाश म्हणाल्या, "व्याही, चूल पेटवली न्हाय आमी. सुनेनं चूलबंद सांगितलं हुतं."

आणि तुम्ही हसलात, आण्णा. "मी पुरुष मंडळींचं म्हणालो होतो," म्हणालात. "पोर हाय. निरोपात घोळ केला असंल तिनं."

माझ्याकडं तुम्ही पाहिलं नाहीत. कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानाकडं पाहून बोललात. पुरुष अवघडून उभे. मामंजी, माझे सासरे, परत फिरायच्या बेतात होते, पण आत्याबाईंनी त्यांना सांगितलं, तुम्हाला बोलावलंय, तुम्ही जावा, आलेल्यानं पायरीवरनं परत जाऊ नये. मग पुरुष आत गेले. आमची गाडी वळून स्टँडापलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. तळणीतनं बटाट्याची भजी निघत होती, त्याचा वास वाऱ्यानं सरळ आमच्याकडंच येत होता. लेकरं रडायला लागली. आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली, चुरमुरे फुटाणे विकत घेतले आणि सगळ्यांच्या पदरात ओंजळ ओंजळ टाकले. म्हातारी गाडीत पाय खाली सोडून बसली होती, खुर्चीवर बसल्यासारखी, आणि एक एक फुटाणा चघळत होती.

माझ्यापुढं ओंजळ आली तेव्हा आत्याबाईंनी हळूच विचारलं, "सूनबाई, तू सांगितलंस ते खरं, का तुझ्या बापानं सांगितलं ते?"

मी काय सांगायला पाहिजे होतं? समोरच्या दारातनं आत तुम्ही साहेबाला काहीतरी वाकून सांगताना दिसत होतात. मला वाटलं, आत्ता अडचण आहे तुमची. उद्या याल, परवा याल, आणि सरळ कराल. तोवर आपण निभावून न्यावं. म्हणून म्हणाले, "माझंच चुकलं." आणि पदर मागं घेतला. म्हणाले, मला भूक न्हाय.

रागावलं कुणी नाही. रागावले असते तर दोन दिवसांत निवळलं असतं. फक्त माझ्या शब्दाची किंमत गेली. निरोप द्यायचा असला की आत्याबाई म्हणायच्या, "हिला नगं, दुसरी कुणी जा." गाय व्याल्याची बातमीसुद्धा जाऊबाईंच्या तोंडून जायची. पाऊस आला असं मी म्हटलं तरी कुणीतरी दारात जाऊन आभाळ बघून यायचं. लग्नकार्याचं आवतन द्यायला गावातल्या सगळ्या सुना नटूनथटून निघायच्या आणि मी घरी पोह्याचे खडे निवडत बसायची. तुमच्याकडं कागद होता, शाई होती, शिक्का होता. माझ्याकडं बोललेला शब्द तेवढा होता, आणि तो तुम्ही साहेबाच्या पंख्याखाली ठेवून आलात.

संक्रांतीला तुम्ही आलात. बालूशाहीचा पुडा घेऊन. मी दाराआड उभी आहे, आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही बदल्यांचं बोललात, नव्या राज्याचं बोललात, ज्वारीवरच्या चिकट्याचं बोललात. आत्याबाईंनी तुम्हाला दोनदा विचारलं, अजून काही? तुम्ही म्हणालात, बाकी सगळं ठीक. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलंत, सुखी आहेस ना. पुढच्या संक्रांतीलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. बालूशाही दरवर्षी चांगली असायची, मऊ, पाक आतपर्यंत गेलेला. मी एकही खाल्ली नाही. तुम्हाला कळलंही नसंल, कारण पुडा तर रिकामाच व्हायचा, घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती.

मग तुम्ही गेलात. तुमचं दिवसकार्य आटपून आम्ही परत येत होतो, तेव्हा ह्यांनी, तुमच्या जावयानं, गाडीत मला एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं पोटात ठेवली होती. त्या दिवशी आत जेवताना साहेबानं दाराबाहेर बोट करून तुम्हाला विचारलं होतं की लिंबाखाली ही कोण मंडळी बसलीत. आणि तुम्ही सांगितलंत, "गावाकडची हायेत, तुळजापूरला देवीला निघालीत."

आण्णा, घोळ केला म्हणालात ते मी गिळलं होतं. बाप अडचणीत असला की लेकीवर ढकलतो, होतं कधी कधी, असं म्हणून स्वतःची समजूत काढली होती. नवा साहेब, नवं राज्य, तुमचं कच्चं मराठी, नोकरीची धाकधूक, हे सगळं मला समजत होतं, मी काही दगड नव्हते. पण त्या लिंबाखाली हिरव्या लुगड्यात तुमची लेक होती. तुम्ही तिला वाटसरू करून टाकलंत. "ती माझी लेक, आणि ते तिचं सासर" एवढं साहेबाला म्हणाला असतात तर त्या माणसानं कदाचित उठून खोली मोकळी करून दिली असती. नसती दिली तर आम्ही लिंबाखाली बसून भजी खाल्ली असती, आणि म्हातारीनं गावभर सांगितलं असतं की हाटेलात जाऊन आले. तुम्ही एक परात भरून बाहेर पाठवली असती तरी चाललं असतं. तेवढंही सुचलं नाही, आणि आवतनाची रीत मला शिकवणारे तुम्ही.

धाकट्या दिराचं लग्न निघालं तेव्हा आत्याबाई थकल्या होत्या. अक्षता कालवून त्यांनी ताटली माझ्यापुढं सरकवली. मी म्हटलं, मी? त्या म्हणाल्या, "मग कोण? मला तवाच कळलं हुतं. चुलीवर अक्षत ठेवायचं पोरीच्या मनानं सुचत न्हाय, कुणीतरी शिकवून धाडल्याबिगर." मी विचारलं, मग इतकी वर्षं मला का... त्या म्हणाल्या, "तुझ्यावर न्हवता गं राग. तुझा बाप एकदा तरी येऊन बोलंल म्हणून वाट बघत हुते." म्हणजे दरवर्षी "अजून काही?" विचारून त्या तुमच्यासाठी दार उघडून धरत होत्या. आणि त्या दारात मी अडकून पडले होते. कुणावर रागावू, सांगा.

तर परवाचा रविवार. लेकाला मी व्याह्यांच्या घरी पाठवलंच. नाव घेऊन सांग म्हटलं, आजेसासूचंही नाव घे, गाडी चालवणाऱ्यालाही सांग. पाहुण्यांच्या आधी हॉटेलात पोच, आणि खोली धरलीस तर ती दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, कलेक्टर आला तरी. मी स्वतः काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. लेक म्हणाला, आई, तुला बघून लोक तिकीट काढतील. काढू देत. नातीची आजेसासू दाराशी आली आणि थबकली. माझ्याच वयाची असंल, हातात चपला घेऊन उभी, त्या बाहेर काढायच्या का आत न्यायच्या ते कळेना. मी उठले, तिचा हात धरला, म्हटलं, "घालून या. तुमची खुर्ची धरून ठेवलीय." ड्रायव्हर गाडीत बसला होता, त्यालाही बोलावून आणला. सगळ्या बायका बसल्या तेव्हा मी बसले. लेकानं विचारलं, आई, तू काय घेणार? मी म्हटलं, बटाट्याची भजी. पोरं हसली, एवढ्या मोठ्या हॉटेलात येऊन भजी. आली. गरम होती. समोर ठेवली आणि मला तो लिंब आठवला, मग मी ती ताटली आजेसासूकडं सरकवली.

नात विचारतेय, पाकिटावर पत्ता काय लिहू. तिला म्हटलं, काही लिहू नको, घडी घालून डाळीच्या डब्यात टाक, तिथं वाळवी लागत नाही. तुम्हाला पोचायचं असंल तर पोचंल. एक गोष्ट तेवढी राहिली, ती आत्याबाईंनाही कधी सांगितली नाही. त्या दिवशी मला भूक न्हाय म्हणाले, ते खरं नव्हतं. लई लागली होती.

आता आत्याबाई तिकडंच आहेत, ती म्हातारीही. पितृपक्षात मी तुमचं पान वाढते तसं वाढीन, त्याची काळजी नको. पण तुम्हाला काही पाठवायचं सुचलंच, तर बालूशाही पाठवू नका. बटाट्याची भजी पाठवा, गरम, सगळ्या बायकांना पुरतील एवढी. आधी आत्याबाईंच्या ताटात वाढा, म्हातारीला खुर्ची द्या, आणि माझी चार बाजूला काढून ठेवा. आणि कुणाच्या हाती धाडू नका आण्णा, स्वतः घेऊन जा.